अंगणवाडीत पेंगणारी मुलगी

खिचडी शिजल्याचा वास आला, की धारूरजवळच्या माझ्या अंगणवाडीतली चार वर्षांची ती मुलगी आठवते. ताटावर बसल्या बसल्या ती पेंगायची. एकदा वैतागून मी तिला खसकन हलवलं, "घरी झोपत नाहीस का गं?" ती रडली नाही, नुसती गुडघे धरून बसली. दुपारी तिला न्यायला आलेली आई मान खाली घालून म्हणाली, "बाई, सिकलसेल हाय तिला, रक्ताचा आजार. रातभर हाडं ठणकत्यात, डोळा लागत न्हाई. सांगितलं तर तुमी ठेवून घेणार न्हाईत, असं वाटलं." दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यात तिच्यासाठी गोधडी अंथरली आणि बाकीच्या पोरांना हळू बोलायला शिकवलं. आता ती मोठ्या शाळेत जाते, रस्त्यात भेटली की हसते. तिची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.