पुतळ्याने सांगितलेलं नाव

देवचाराला, म्हणजे गावच्या राखणदार भुताला, ठेवलेला नारळ सोलून खाल्लेला माणूस आहे मी. भूत, चकवा, मूठ मारणं… ह्यातलं काहीही मी मानत नाही, पूर्वीही मानलं नाही. ह्या ग्रुपवरचे अनुभव माझा मुलगा महेश मला वाचून दाखवतो तेव्हा मी हसतो. तरी आज लिहायला बसलोय, कारण जे झालं ते झालं.

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे नाही शिकलो, कारण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. बुद्धी कमी होती म्हणून नव्हे. हे सगळं एका बोटाने मीच टाईप केलंय. महेश म्हणाला, बाबा मी दुरुस्त करून देतो. म्हटलं, हात लावायचा नाही.

आम्ही मूळ कुडाळकडचे. तरुणपणी मी ह्याच कुवेतमध्ये शटरिंग कारपेंटर होतो. शहरातल्या शर्क भागात ज्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत, त्यातल्या काहींच्या स्लॅबखाली माझ्या फळ्या होत्या. आता महेश इथे तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे, महबूल्यात राहतो. समुद्राच्या बाजूची बिल्डिंग, पण समुद्र दिसतो तो फक्त बाथरूमच्या खिडकीतून. मी ह्या वेळी व्हिजिट व्हिसावर आलो तो सुनेसाठी. सून म्हणजे स्नेहल, सावंतवाडीची. क्लिनिकमधली रिसेप्शनची नोकरी सोडून तिने नर्सिंगच्या कॉलेजात नाव घातलं.

तेही साधं नर्सिंग नव्हे. ज्यांच्याकडे आधीची एक डिग्री आहे, त्यांच्यासाठी हा घाईचा कोर्स असतो. शिमग्याला गावी जाणाऱ्या गाडीत माणसं कोंबतात, तसा चार वर्षांचा अभ्यास निम्म्या वेळात कोंबलेला. सकाळी हॉस्पिटल, दुपारी लेक्चर, घरी आल्यावर असाइनमेंट. किचनच्या टाइल्सवर औषधांची कार्डं चिकटवलेली. मीठ शोधायला गेलं की आधी सोडियमचं कार्ड सापडायचं. एकदा डाळीला फोडणी देता देता ती उभ्या उभ्या झोपली. फोडणी जळली तरी तिला जाग नाही, हॉलमध्ये डुलकी काढत होतो त्या मला आली. त्या दिवसापासून स्वयंपाक मी करायला लागलो. माझ्या हातची बांगड्याची कढी तिला तिखट लागते, पण बोलायची सोय नाही.

आणि माझं दुसरं काम म्हणजे पेशंट होणं. हॉलमधल्या कॉटवर मी आडवा व्हायचं आणि तिने माझ्यावर प्रॅक्टिस करायची. बीपी, नाडी, कुशीवर वळवणं, बँडेज. एकदा डोकं, हनुवटी, एक हात असं सगळं बांधून झालं आणि तिला कॉलेजचा फोन आला म्हणून ती आत गेली. तेवढ्यात खालच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, माणूस पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. दार मीच उघडलं. हनुवटी बांधलेली, त्यामुळे काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधले लोक फळं घेऊन भेटायला आले. आणलेली फळं परत कशी करायची… खाल्ली.

आता मुद्दा. औषध द्यायच्या आधी पेशंटला त्याचं पूर्ण नाव विचारायचं, मनगटावरची पट्टी बघायची, औषधाचा कागद बघायचा आणि नाव मोठ्याने म्हणून तिन्ही जुळवायचं, असा ह्या लोकांचा नियम. पहिल्यांदा तिने विचारलं, “मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

मी उठून बसलो. “धा वर्सां माझ्या घरात जेवतस आणि माझा नाव इचारतस?”

“नियम आहे, मामा.”

सांगितलं. दत्ताराम बाबाजी सावंत. पुढे तिने ते मोठ्याने म्हणायचं होतं. ती थांबली. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या आईने माझ्या आजोबांचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही. तलाठ्याने विचारलं तर शेजारणीला कोपराने ढोसायची, शेजारीण सांगायची. तर स्नेहल पट्टीकडे बघून नुसतं “हूं” म्हणाली. मी म्हटलं, शाब्बास, वळण आहे.

ते “हूं” तिच्या जिभेला बसलं. परीक्षेत पेशंट म्हणून पुतळा असतो, रबराचा, पुरा माणसाएवढा. तिथेही ती पट्टीकडे बघून “हूं” म्हणाली आणि औषध द्यायला गेली. नापास. बाकी सगळं बरोबर असून नापास. नाव जुळवणं चुकलं की पुढचं बघतच नाहीत म्हणे. एक संधी आणखी मिळणार होती. त्यात गेली तर कोर्समधून बाहेर, आणि परत प्रवेश नाही. नोकरी गेलेलीच होती.

ती रडली नाही. बाथरूममध्ये नळ सोडून बराच वेळ आत राहिली. त्यापेक्षा रडणं बरं.

महेश मला म्हणाला, “बाबा, तिला तुमचं नाव घेऊ द्या. प्रॅक्टिसपुरतं.”

“नाय.”

“मग दुसरं नाव ठेवू. तुम्ही पेशंट राजेश.”

पट्टीवर राजेश लिहून माझ्या हाताला बांधली. स्नेहलने विचारलं, “तुमचं पूर्ण नाव सांगा.” मी गप्प. परत विचारलं. मी गप्प.

“बाबा, सांगा ना राजेश.”

“मी राजेश नाय. खोटा बोलून औषध घेवचा नाय.”

महेश म्हणाला, तुमच्या जागी पुतळा ठेवला तर तो जास्त मदत करेल. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. पण मी काही चुकीचं बोललो होतो असं मला आजही वाटत नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी स्नेहल माझ्या पाया पडली आणि गेली. महेश कामावर. घरात मी एकटा. टीव्ही बंद, कारण रिमोटचे सेल तिने बीपीच्या मशिनला घातले होते. दहाच्या सुमारास मी कॉटवर आडवा झालो. झोपलो नव्हतो. हे ठासून सांगतो, कारण सगळे तेच म्हणतात. गॅसवर भात होता आणि भात टाकून झोपणारा माणूस मी नव्हे.

तेवढ्यात अगदी उशाशी आवाज आला. “तुमचं पूर्ण नाव सांगा.”

स्नेहलचा आवाज. मला वाटलं परत आली. डोळे न उघडता मी वैतागून म्हटलं, “कितीदा सांगू गो? दत्ताराम बाबाजी सावंत. कानात बोळे घातलंस काय?”

डोळे उघडले. कोणी नाही. दाराला आतून कडी. बाथरूम बघितलं, बाल्कनी बघितली, मोबाईल बघितला, तो चार्जिंगला आतल्या खोलीत. मग भात बघितला. तो मात्र झाला होता.

दुपारी स्नेहल आली. चप्पल न काढता सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

“मामा, तुम्ही सकाळी कुठे होता?”

“खय असतलंय? घराकच.”

मग ती खाली बसली आणि सांगायला लागली. दहाच्या सुमारास पुतळ्यासमोर उभी राहिली तर मागचं सगळं आठवत होतं. तिथे इंग्लिशमधून विचारावं लागतं, हिच्या तोंडून घाबरून मराठीच निघालं — तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि पुतळा बोलला.

“काय बोललो तो?” मी विचारलं. मी तोवर तिला एक शब्द सांगितला नव्हता.

ती मान खाली घालून म्हणाली, “कितीदा सांगू गो, असं म्हणाला. मग नाव. मग बोळ्यांचं.”

पुतळ्याच्या डोक्यात स्पीकर असतो, पलीकडच्या खोलीतून माइकवर कोणी बोललं तर तो बोलतो. पण त्या दिवशी त्या खोलीत कोणी नव्हतं. परीक्षा घेणारी केरळची मॅडम स्नेहलच्या समोरच खुर्चीवर बसली होती आणि तिने काहीच ऐकलं नाही.

स्नेहल सांगते, तिची भीती एकदम गेली. घरच्यासारखं वाटलं. तिने पट्टी नीट वाचली, तिच्यावर फिलिप. औषधाचा कागद वाचला, त्याच्यावर जोसेफ. आणि पेशंट म्हणतो तिसरंच. तिने औषध खाली ठेवलं.

मॅडम म्हणाली, “का थांबलीस?”

“नावं जुळत नाहीत, मॅडम. पट्टीवर फिलिप, कागदावर जोसेफ, आणि पेशंट म्हणतो दत्ताराम बाबाजी सावंत.”

“हा दत्ताराम कोण?”

“माझे सासरे.”

मॅडम उठून आली. पट्टी बघितली, कागद बघितला आणि कपाळावर हात मारला. आधीच्या मुलीच्या वेळची पट्टी बदलायची राहून गेली होती. ते मॅडमलाही दिसलं नव्हतं. स्नेहलला पास केलं आणि म्हणाली, छान बघितलंस, पण पुढच्या वेळी सासऱ्यांना घरी ठेवून ये.

मी विचारलं, “म्हणजे तू माझा नाव घेतलंस?”

“घ्यावं लागलं, मामा. मॅडमसमोर.”

मी म्हटलं, “बाबाजी नीट म्हटलंस ना? लोक बाबूजी म्हणतत.” आमच्या घराण्यातल्या म्हाताऱ्यांपैकी कोणी कॉलेजच्या दारात गेलेलं नाही. गेलं ते माझं नाव, आणि सुनेच्या तोंडून. ते मला खटकायला हवं होतं. तेवढं खटकलं नाही.

महेशने दोघांना समोर बसवून समजावलं. बाबा, तुम्ही झोपेत बडबडला. स्नेहल, तुला टेन्शनमध्ये भास झाला. मी विचारलं, दोघांक एकाच टायमाक आणि तेच शब्द? तर इंजिनिअर साहेब म्हणाले, ब्लूटूथ असेल. आणि ऑफिसचा फोन आला म्हणून उठून गेले.

मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. कोणाकडे असेल तर लिहा, पण झोपेत होतात असं लिहू नका, मी उत्तर देणार नाही.

माझा व्हिसा आता संपतोय, मी कुडाळला निघालोय. स्नेहलची पुढची प्रॅक्टिकल मी गेल्यानंतर आहे, पहिलीपेक्षा अवघड. काल बॅग भरून देताना ती हळूच म्हणाली, “मामा, त्या दिवशी दहा वाजता गावी पण जरा आडवे व्हाल?”

म्हटलं, येडी काय? ह्या असल्या गोष्टी मी मानीत नाय. शिवाय हयचे धा म्हणजे तिकडे साडेबारा, जेवणाचो टाइम.

ती शर्टांच्या घड्या घालत राहिली.

संध्याकाळी धाकट्या भावाच्या बायकोला फोन केला. गावी माझं जेवण तिच्याकडेच असतं. सांगितलं, परीक्षेच्या दिवशी माझं पान अकरालाच वाढ आणि नंतर मला कोणी हाक मारू नका.