तिसरा हात

ग्लेनिस पास्कोला कुणापुढे हात पसरणं जमायचं नाही. मूंटा गावच्या शाळेच्या कँटीनमध्ये तिची उभी हयात गेली. गावाबाहेर शेतांना वणवा लागला तेव्हा तीन कुटुंबं तिच्या बैठकीत झोपली होती. पण स्वतःवर वेळ आली की बाईची दातखीळ बसायची.

नवरा मर्व्ह गेला, तेव्हा समोरच्याच घरात राहणारी त्याची बहीण नोला रोज संध्याकाळी यायची. महिनाभरानं ग्लेनिस तिला म्हणाली, "माझं ठीक चाललंय गं. तू कशाला रोज पाय दुखवतेस?" म्हणायचं होतं 'थांब जरा वेळ', तोंडातून निघालं ते हे. नोला उठून गेली ती पुन्हा आली नाही. पुढची दोन वर्षं रस्त्याच्या अलीकडून-पलीकडून हात हलवण्यापुरतं नातं उरलं.

घरभर जुनं जाड कार्पेट होतं. त्यावर स्वतःचं पाऊलही वाजत नसे. आपण घरात आहोत की नाही, हेच कधीकधी ग्लेनिसला कळेना. एका सकाळी तिनं कोपरा उचकटला, तर खाली जारा लाकडाच्या लालसर फळ्या, धुळीनं माखलेल्या पण धडधाकट. दुपारपर्यंत अर्धं कार्पेट अंगणात होतं.

फळ्या घासून गुळगुळीत करायची यंत्रं भाड्यानं देणारा डॅरिल शाळेत तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. "मिसेस पास्को, हे यंत्र म्हणजे दांडगं कुत्रं आहे. तुम्ही त्याला नाही, तेच तुम्हाला फिरवून आणेल. जोडीला कोण आहे?"

"आहे एक जण," ग्लेनिसनं ठोकून दिलं.

"मग ठीक. आणि चालू असताना एका जागी थांबवू नका. थांबलात की पडलाच खड्डा."

वर आलेला एकेक खिळा तिनं ठोकून आत बसवला. यंत्राला आधी खरखरीत पॉलिश पेपर लावला, मग मऊ. भुसा घराबाहेर, पत्र्याच्या डब्यात, कारण तो आपोआप पेट घेतो म्हणे. कंबरेचे तुकडे पडले, पण यंत्राच्या आवाजात घर भरल्यासारखं वाटत होतं. बैठकीच्या मधोमध असताना फोन वाजला आणि ती यंत्र चालूच सोडून धावली. सौर पॅनल विकणारा कुणी मुलगा होता. तिनं त्याला तिकडे ऊन आहे का विचारलं, जेवलास का विचारलं, शेवटी त्यानंच फोन ठेवला. परत येऊन पाहते तो यंत्रानं फळीत बशीएवढा खड्डा पाडलेला. 'घे, बोलायची हौस फिटली,' ती स्वतःलाच म्हणाली.

व्हार्निशचे पहिले दोन हात सकाळी दिले की संध्याकाळी मोजे घालून आत शिरता यायचं. तिसऱ्या हाताचं तसं नव्हतं. रात्रभर पाऊल टाकू नये, असं डब्यावर ठळक छापलेलं होतं. ती मागच्या खोलीपासून उलट्या पावलांनी ब्रश ओढत आली आणि दिवस मावळताना पुढच्या दारातून बाहेर पडली. आत जमीन नुसती झळाळत होती. दाखवायला कुणी नव्हतं.

मग लक्षात आलं की झोपायची सोय तिनं केलेलीच नाही. उद्या करू, उद्या विचारू, असं म्हणत दिवस ढकलले होते. मोटेलात जावं तर मालकीण विचारणार, स्वतःचं घर असताना इथे कशी? नोलाच्या खिडकीत दिवा होता. ग्लेनिस रस्ता ओलांडायला निघाली, मध्यावर थांबली, आणि वळून गाडीत बसली.

सकाळी परतली तर नोला तिच्याच पायरीवर बसलेली.

"कुठे होतीस?"

"मैत्रिणीकडे."

"कुठल्या?"

"बेव्हकडे."

"बेव्ह बुधवारीच लेकाकडे ॲडलेडला गेलीय. तिच्या कोंबड्यांना दाणे मी घालतेय."

ग्लेनिस नखांतलं व्हार्निश कोरत राहिली. "गाडीत झोपले. तिकडे वॉलरूला, बंदराच्या धक्क्याजवळ."

"गाडीत!" नोला उसळलीच. "तू उलटी चालत बाहेर येताना मी पाहिलं. म्हटलं, आता ही जाणार कुठे, येईलच. पलंगावर चादर घातली, मटण शिजवलं, दार नुसतं लोटून ठेवलं. मग तुझी गाडी निघाली. म्हटलं, आहे हो बाईला दुसरं कुणी."

"मला वाटलं, तुझा राग असेल."

"होताच. अजून आहे. म्हणून तू गाडीत झोपशील? मग मी कोण गं तुझी?"

नोलाचा आवाज एकदम खाली आला.

"मी रोज यायचे ते तुझ्यासाठी, असं वाटलं ना तुला? माझा भाऊ गेला, ग्लेनिस. त्याचं नाव काढायला तुझ्याशिवाय मला होतं कोण?"

ग्लेनिसला भयंकर लाज वाटली. दोन वर्षांत हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. ती शेजारी पायरीवर बसली. तिच्या कपड्यांना व्हार्निशचा वास येत होता, पाठ ताठरली होती.

"नोला," ती म्हणाली, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुझ्याकडे झोपायला येऊ का गं?"