जुन्या तांड्यावरचे तेवीस ढीग

आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यापासून दीड कोसावर, नाल्याच्या वरच्या अंगाला, दगडांचे तेवीस ढीग आहेत. काही गुडघाभर उंच, काही पार जमिनीला टेकलेले. मूळ तांडा इथंच होता. बैलांवर मीठ आणि धान्य लादून फिरणारे हे बंजारे. रेल्वे आली, मोटारी आल्या, बैलांवर लादायला काही राहिलं नाही. तेव्हा अमरसिंग नायकानं सात घरं बरोबर घेऊन इथं मुक्काम टाकला, तो पुढं कित्येक वर्षं उठला नाही. तिसऱ्या वर्षी पटकी आली. त्या पंधरवड्यात सरण रचायला हात पुरेनात, म्हणून लहानथोर सगळ्यांना पुरलं आणि कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. अमरसिंग नायक त्यांच्यातच गेला. पुढं तांड्यातलं लहान मूल दगावलं की तिथंच नेत. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर आटली, तांडा सडकेजवळ सरकला. ढीग मागं राहिले.

धुरपताबाई सोळाव्या वर्षी या तांड्यात लग्न होऊन आली. तिचे सासरे गुलाबसिंग हे अमरसिंग नायकाचे नातू. दर दिवाळीला पूर्वजांचा नैवेद्य घेऊन ते तिकडं जात. मुलांना त्यात रस नव्हता, म्हणून सुनेला नेत. काठीचं टोक एकेका ढिगाला लावायचं, नाव सांगायचं, तिच्याकडून म्हणवून घ्यायचं आणि पुढं सरकायचं. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. धुरपताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तेवीसपैकी सतरा नावं तिच्या तोंडात बसली. उरलेली सहा गुलाबसिंगांनाही ठाऊक नव्हती.

गुलाबसिंग वारले. ढिगांची जमीन वाटणीत त्यांच्या पुतण्याकडं गेली होती; त्यानं एकोणनव्वद साली ती शेजारच्या गावच्या भगवानरावांना विकली आणि तो पुसदला राहायला गेला. सातबाऱ्यावर ढिगांची जागा पोटखराब, म्हणजे पेरणीला निकामी, म्हणून लागली होती. भगवानराव कपाशी आणि तूर पेरत, ढीग सोडून वखर फिरवत. त्यात श्रद्धेचा भाग नव्हता. दगडांनी वखराची लोखंडी पास मोडायची. धुरपताबाई दिवाळीला एकटी यायची, अर्धा तास थांबून जायची. भगवानरावांनी तिला कधी अडवलं नाही, कशाला येता असंही विचारलं नाही.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात भगवानरावांनी शेततळं खोदायला घेतलं. दोन्ही उतारांचं पाणी ढिगांपाशी जमतं, तेव्हा जागा तीच ठरली. धुरपताबाईचा मुलगा इंद्रजीत जेवताना सहज बोलून गेला, की भगवानरावांच्या वावरात जेसीबी चालला आहे. तिनं हातातली भाकर ताटात ठेवली आणि म्हणाली, "मोटरसायकल काढ."

ते पोचले तेव्हा नाल्याकडची दोन झुडपं उपटून झाली होती. बंटी नावाचा जेसीबीवाला सावलीत बाटलीनं पाणी पीत होता. धुरपताबाई सरळ जाऊन मशीनच्या आणि ढिगांच्या मधे उभी राहिली.

"मावशी, काय झालं?" भगवानरावांनी विचारलं.

"अठी माणसं पुरेल हायेत. अठी खोदू नोका."

भगवानराव साठीचे, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "माह्या वडिलांनी मले सांगतलं होतं, हे जुन्या घरांच्या जोत्याचे दगड हायेत. तुमच्या तांड्यातली पोरंही तेच म्हणतात. कागदावरही कुठं लिहेल नाही."

"कागदावर कोण लिहीन? तवा कोणाले लिहिता येत होतं?"

"मी खोटं म्हणून नाही राह्यलो, मावशी. पण मले काही दिसलं पाहिजे ना. नाहीतर उद्या कोणीही येईन अन् वावरात काहीही हाय म्हणीन."

बोलणं वावगं नव्हतं. धुरपताबाईलाही ते तसं वाटलं असावं, कारण ती भांडली नाही. तिनं एकदा सगळ्या ढिगांवरून नजर फिरवली. मग पळसाच्या झाडाजवळच्या सर्वांत लहान ढिगापाशी गेली आणि खाली बसली.

"हा खोदा," ती म्हणाली. "मशीन नोको. इंद्रजीत खोदीन."

"हाच काहून?" इंद्रजीतनं विचारलं.

"बाकीचे दुसऱ्याचे हायेत. त्याईले उकरायचा मले हक नाही. हा माहा हाय."

इंद्रजीत पंचेचाळीस वर्षांचा. आपल्या आईचं इथं काय असावं, हे त्याला समजेना.

"तुही बहीण हाय," धुरपताबाईनं सांगितलं. "जमनी. तुह्याहून मोठी. तीन वर्षांची होती, हगवणीनं गेली. तांडा सडकेवर गेलता, तरी तुह्या आजानं तिले अठीच आणलं. तिच्यानंतर अठी कोणाले आणलं नाही."

"याडी, तू कधी सांगतलं नाही."

"तुह्या बापानं नाही म्हटलं होतं. जित्या लेकरापुढं मेल्या लेकराचं नाव काढू नोको म्हणे. मंग तशीच सवय पडली."

भगवानराव मधे पडले. "राहू द्या मावशी. असं असन तर नोको."

"नाही," ती म्हणाली. "तुमाले पाह्यचं हाय ना? पाहून घ्या. मंग कोणी विचारलं तर तुमीच सांगाल."

इंद्रजीतनं दगड एकेक करून बाजूला रचले आणि कुदळीनं वरची माती सैल केली. दोन फुटांनंतर धुरपताबाईनं त्याला थांबवलं. ती स्वतः खड्ड्यात उतरली आणि हातानं माती उपसू लागली. बंटी जवळ आला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

आधी कवड्या निघाल्या. सहा कवड्या, दोरा कुजून गेलेला. मग काचेचे दोन मणी. हाडं म्हणावीत असं काही नव्हतं, मातीत फिकट रेघा तेवढ्या होत्या. त्यानंतर दात. दुधाचे, ज्वारीच्या दाण्याएवढे. धुरपताबाईनं ते तळहातावर घेतले, पदरानं पुसले, आणि हात भगवानरावांसमोर धरला. ते खाली वाकले, पाहिलं, आणि दोन्ही हात जोडले.

इंद्रजीत तोंड फिरवून नाल्याकडं गेला. बऱ्याच वेळानं आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धुरपताबाई रडली नाही. तिनं दात आणि कवड्या होत्या तिथं ठेवल्या, माती लोटली, आणि मुलाला हात लावू न देता दगड स्वतःच परत रचले. त्यात सत्तरीच्या बाईचा तासभर गेला. तेवढा वेळ कोणी मशीन सुरू केलं नाही.

शेततळं चाळीस पावलं खाली सरकलं. तिथं आठ फुटांवर खडक लागला, म्हणून ते ठरल्यापेक्षा उथळ झालं. जानेवारीतच तळ दिसू लागतो. भगवानरावांनी त्याबद्दल तांड्यात कोणाला बोल लावला नाही. तलाठ्याकडं अर्ज मात्र त्यांनीच केला, की गटातली बारा गुंठे जागा जुनी दफनभूमी आहे म्हणून नोंद व्हावी. अर्जावर त्यांची सही आणि साक्षीदार म्हणून धुरपताबाईचा अंगठा आहे. नोंद अजून झालेली नाही.

तांड्यात बातमी पसरल्यावर तरुण मंडळींनी वर्गणी काढून चौथरा बांधायचं, नावांची फरशी बसवायचं ठरवलं. इंद्रजीतची मुलगी वर्षा वही घेऊन आजीबरोबर गेली आणि सतरा नावं तिनं लिहून घेतली. सहा जागा रिकाम्या राहिल्या. अशी फरशी बरी दिसणार नाही, काहीतरी नावं टाकू, असं मंडळींचं म्हणणं पडलं.

"मले मालूम नाहीत," धुरपताबाईनं सांगितलं. "मालूम नाही ते कायले लिहिता?"

त्यावरून वाद झाला आणि फरशीचं काम मागं पडलं. चौथऱ्यासाठी आणलेल्या विटा पुढं समाजमंदिराच्या भिंतीला लागल्या.

त्या दिवाळीला धुरपताबाईचे गुडघे सुजले होते. नैवेद्य घेऊन इंद्रजीत पहिल्यांदाच एकटा गेला. त्याला सगळे ढीग ओळखता आले नाहीत. परत येऊन त्यानं तसं सांगितलं. तेव्हा तिनं त्याला अंगणात समोर बसवलं, चुलीतली राख पसरून तिच्यात बोटानं तेवीस खुणा काढल्या, आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "म्हण."