गौरम्माच्या पडवीतली बिनमातीची झाडं

गौरम्माबद्दल कुणीतरी लिहावं असं माझ्या पत्नीला, रंभाबाईला, फार वाटतं. मला लिहिण्याची सवय नाही, आणि दुसऱ्याच्या घरातल्या बाईच्या मनातलं मी काय सांगणार? पण त्यांच्या आणि आमच्या परसाची भिंत एकच. जे मी पाहिलं नाही ते गौरम्मानेच रंभाबाईला सांगितलं आहे. तेवढ्यावर लिहितो.

गौरम्मा अक्कलकोटकडची. सिद्धलिंगप्पा पेठेत सुताच्या दुकानात मुनीम होते, त्यांची ती दुसरी बायको. पहिली मल्लव्वा, ती इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. तिचं माहेर खानापूरच्या पलीकडे, रानात. माहेराहून येताना ती दर खेपेला एखादं झाड घेऊन यायची. ही झाडं मातीत लावत नाहीत. फांदीच्या तुकड्याला नाहीतर नारळाच्या सोडणाला बांधून टांगायची, मुळं उघडी लोंबतात आणि हवेतला ओलावा पितात. मागच्या पडवीत अशी दहा-बारा टांगलेली होती. कुठलं कोणतं, हे मल्लव्वाला पाठ. चिठ्ठी कशालाच नव्हती. ती गेल्यावर मागे राहिली ती नुसती जाड, लांबट पानं, सगळी एकसारखी.

सिद्धलिंगप्पा संध्याकाळी दुकानातून आले की आधी पडवीत जाऊन झाडांवर पाणी शिंपडत, मग चहा घेत. गौरम्माने काही महिने ते पाहिलं, मग विचारलं. माणूस सरळ, सांगून मोकळा झाला. यातलं एक मल्लव्वाच्या माहेरच्या अंगणातल्या फणसावरचं, तिच्याबरोबर लग्नातच आलेलं. त्याला जांभळट फुलांचा लोंबता घोस यायचा आणि तो अख्खा ती केसांत माळायची. बाकीची रानातली. पण ती गेल्यापासून एकही फुललं नव्हतं, त्यामुळे ते एक नेमकं कुठलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच पाणी.

गौरम्माचा यावर विश्वास बसला नाही. ती रंभाबाईला म्हणाली, "माहीत नसतंय व्हय, वैनी? मला सांगायचं न्हाय, एवढंच. ते एक घावू दे, चुलीत घालते आन मोकळी हुते."

सवत एका जागी असती तर तिच्याकडे पाठ करून बसता आलं असतं. इथे ती पडवीभर टांगलेली होती.

झाडपाला विकणारे गैबीसाब गल्लीत आले तेव्हा तिने त्यांना आत बोलावलं. त्यांनी सगळ्या झाडांखालून एक फेरी मारली, एकाचं मूळ नखाने खरवडून हुंगलं आणि ती रास्ना असल्याचं सांगितलं. मग हसून म्हणाले, "बाकीच्यांनी पदर घेतलाय, बाई. फुलल्याबिगर त्यांचं तोंड दिसत न्हाय."

तेव्हापासून तिने पाणी शिंपडायचं काम नवऱ्याच्या हातातून काढून घेतलं. तुम्ही दमून येता, असं त्यांना सांगितलं. चैत्र-वैशाखात झळा लागू नयेत म्हणून पडवीला गोणपाटं बांधली आणि ती दिवसातून दोनदा भिजवायला लागली. स्वतःच्या पोराची काळजी कुणी इतकी घेत नाही. पेठेतल्या बायका म्हणत, सवतीची झाडं कशी जपली बघा. गौरम्मा गोणपाटावर आणखी एक तांब्या ओतायची.

वर्षा-दोन वर्षांनी एकेक झाड फुलू लागलं. रास्नेला तपकिरी फूल आलं, एकाला पांढरं. दर वेळी ती सिद्धलिंगप्पांना ओढत पडवीत न्यायची, "हेच का?" म्हणून विचारायची आणि फुलाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. ते मान हलवत. हे नव्हे.

गावात गोऱ्या सरकारने मार्शल लॉ लावला त्या साली, ज्येष्ठात, कोपऱ्यातल्या गोणपाटाआड तो घोस लोंबला. जांभळट, वेणीसारखा. त्या सकाळी ते न्हाणीघरात होते. तिने त्यांना बोलावलं नाही. त्यांच्या घरात पूजेला फुलं सुटी करून ठेवतात. तिने चार-सहा फुलं देठापासून खुडली आणि ताटलीत बेलाशेजारी ठेवली. सिद्धलिंगप्पा डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन पूजेला बसले, एक फूल उचललं आणि थांबले. फुलं कुठली, असं त्यांनी विचारलं.

"बाजारातली," ती म्हणाली.

ते "बरं" म्हणाले आणि फूल लिंगावर वाहिलं. चेहरा नेहमीचाच.

झाड चुलीत घालायचं राहून गेलं. जागा रिकामी दिसली असती तर त्यांनी विचारलं असतं. शिवाय आता त्याची गरजही नव्हती. त्यांना ठाऊक नाही आणि आपल्याला ठाऊक आहे, यातच तिचं समाधान होतं. दर ज्येष्ठात गोणपाटाआड घोस यायचा, ती पहाटे फुलं खुडायची आणि ते लिंगावर वाहायचे. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. ती झाडं फुलली का, हेही विचारलं नाही.

सिद्धलिंगप्पा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर एका दुपारी आमच्या परसात बसून गौरम्माने हे सगळं रंभाबाईला सांगितलं, थोडं मिरवतच. रंभाबाईच्या तोंडून सहज निघून गेलं की मार्शल लॉच्या त्या दिवसांत बाजार बंद, आपल्या पेठेत फुलवाली कुठे बसत होती? आम्ही देवाला नुसती तुळस वाहत होतो की.

गौरम्मा शेंगा निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

"मग त्यांनी वळखलं असंल, वैनी?"

 ओळखलं नसेल म्हणूनही माणूस गप्प बसतो, असं काहीतरी रंभाबाई म्हणाली.

"वळखलंच असंल," गौरम्मा म्हणाली. "म्हंजे दर ज्येष्ठात मीच तिला खुडून त्यांच्या तळहातावर देत हुते की."

मग सूप तसंच सोडून ती आपल्या पडवीत गेली. ज्येष्ठच चालू होता. भिंतीपलीकडून गोणपाट ओढून काढल्याचा आवाज मी ऐकला. झाड तिने काढून टाकलेलं नाही. पण आता गोणपाट पुन्हा बांधत नाही, आणि बाकी सगळ्यांवर पाणी शिंपडून झालं की त्या एकासमोर तांब्या घेऊन उभी राहते.