पंखातला स्पोक

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. माझं वय बत्तीस. मलकापुरात सायकलचं दुकान होतं आणि थोरल्या भावाबरोबर थोडं रान. शाळा चौथीपर्यंत. तेवढ्या शाळेवर एकदा विमानदळाच्या भरतीला गेलो होतो. त्यांनी दारातूनच माघारी धाडलं. तेव्हापासून वरनं विमान गेलं की मी मान वर करत नसे. हातातलं चाक घट्ट धरून बसायचो. आवाज मात्र पार संपेपर्यंत ऐकायचो.

दुकानामागच्या घरात एक सार्जंट राहायला आले. पाटणकडचे, विमानदळात फिटर होते, पेन्शन घेऊन आलेले. जावयानं परदेशातून त्यांना रेडिओवर विमान चालवायचा खोका आणून दिला होता. तरुणपणी ज्या लढाऊ विमानावर काम केलं, त्याचीच लाकडी नक्कल ते घरात करत बसले होते. एक दिवस दुकानात येऊन त्यांनी स्कूटरच्या क्लचची वायर मागितली.

"कशाला?"

"पंखाच्या मागच्या कडंला एक फळी असती. एका पंखाची वर आन दुसऱ्याची खाली झाली की विमान कलतं, वळतं. मधल्या मोटरीपासनं त्या फळीपर्यंत कायतरी जोडाय पायजे."

मी वायर पोचवायला म्हणून त्यांच्या घरी गेलो. विमान बघायला नाही, असं मनाला बजावलं होतं. टेबलावर ते होतं, पंख पसरून, अजून रंग न दिलेलं. मी पंखाच्या मागची फळी बोटानं वरखाली करून बघितली आणि म्हणालो, "वायर न्हाई चालणार. स्पोक घाला."

"खऱ्या विमानात वायरच असती रं."

"असंल. तितं दोन असतील, एक हिकडं वढाय, एक तिकडं. तुमच्या ह्या पंखात दोन मावत्यात का? एकटी वायर वढती, ढकलत न्हाई. स्पोक दोनी करतो."

"आन ढकलताना मधनंच वाकला म्हंजी?"

मी चहा न घेता उठलो. दोन रोज गेलो नाही. मग बांबूची कामटी तासली, दोन्ही टोकांना स्पोकचे तुकडे दोऱ्यानं आवळून सरसानं पक्के केले आणि ती कामटी नेऊन टेबलावर ठेवली. बांबू वाकत नाही. टोकाचं निपल, म्हणजे स्पोकची बारीक चाकी, फिरवलं की लांबी केसभर कमीजास्त होते. सार्जंटनी ती पंखात बसवली, फळी बोटानं हलवून बघितली, कान लावून ऐकलं. कुठं खडखड नाही.

"ऱ्हाऊ दे हीच," ते म्हणाले.

"अशी फुकट न्हाई ऱ्हाणार. ह्याच्यावर उडालं, तर खोका माझ्या हातात द्यायचा. एक फेरी."

"एक वळण."

"वळण तर वळण."

उडवायला आमचंच रान ठरलं. शाळू कापून झाला होता. धसकटं वेचून मी मधोमध एक पट्टी सपाट केली आणि नांगरट लांबवली. भाऊ रोज विचारायचा, "नांगर कवा घालणार? का पाखरं उडवाय रान राखलंयस?"

एका सकाळी ते उडालं. सार्जंटनी दोन फेऱ्या मारल्या आणि खोका माझ्या हातात दिला. मी खोक्यावरची दांडी उजवीकडं जरा सारली. तिकडं आभाळात पंख कलला. माझ्या बांबूनं, माझ्या स्पोकनं.

वळून ते आमच्याकडं तोंड करून येऊ लागलं. मी डावं करायला गेलो, ते उजवीकडं घसरलं. जन्मभर बैलांच्या मागनं चाललेला माणूस मी. डावा बैल तो डावाच.

"तोंड हिकडं हाय, म्हणून उलटं वाटतंय. पाठ फिरव! खांद्यावरनं बघ!"

"पाठ? मी न्हाई पाठ दावत कुणाला."

"आरं ते काय मोगल हाय का? फिरव गड्या!"

मी हललो नाही. तेव्हा त्यांनी मागनं येऊन दोन्ही खांदे धरले आणि सायकलचं हँडल वळवावं तसं मला वळवलं. आता डावं ते डावं झालं. खांद्यावरनं बघायला गेलो तर डोळ्यांत सूर्य. म्हणून समोर जमिनीकडं बघितलं. आधी सावली आली. माझ्या पायांवरनं गेली, मोकळ्या रानात पुढं पळाली. मी दांडी जराशी सारली आणि सावली कलली. मग आवाज डोक्यावरनं गेला आणि विमान समोर निघालं. सार्जंटचे हात अजून खांद्यांवर होते. मग त्यांनी खोका काढून घेतला आणि विमान पट्टीवर उतरवलं.

त्या पावसाळ्याआधी ते मुलाकडं बंगळूरला गेले, विमान घेऊन. परत भेट नाही. खोका परत कधी हातात आला नाही. आता आवाज आला की मी मान वर करतो, पण आधी पायांकडं बघतो, सावली आली का म्हणून.

उडवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांगर घातला. पट्टीवर चाकांच्या दोन बारीक रेघा उमटल्या होत्या. बैल तिथवर आले की मी बाजूनं काढत होतो. बांधावरनं भाऊ ओरडला, "ती पट्टी का सोडलीस रं?"

"तितं दगूड हाय."

"आजवर कवा लागला न्हाई त्यो!"

"काल लागला," म्हणालो आणि बैल वळवले.