इस्माईलभाईंचा साडेबाराचा फोन

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांवर हसते. माझ्या सासूबाई अमावास्येला नारळ ओवाळतात तेव्हा मी शेजारी उभी राहून मोबाइल बघत असते... त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे हे माझं मलाच पटत नाही. पण सहा महिने झाले, कुणाला तरी सांगायलाच हवं.

मी मूळची सांगलीची, नेटवर्क इंजिनीअर. तीन वर्षांपासून बहारीनमध्ये आहे. ऑफिस सीफला, राहायला झिंजमध्ये एक खोली. नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा सांगलीतच. व्हिडिओ कॉलवर मुलगा दोन मिनिटं दिसतो, "आई, नंतर" म्हणतो आणि पळतो. मग नवरा आणि मी एकमेकांचं हवामान विचारतो.

ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा एकच माणूस होता. स्टोअर सांभाळणारे इस्माईलभाई, रत्नागिरीजवळच्या एका गावचे. बावीस वर्षं इथे, राहायला अरादला. मला 'पोरी' म्हणायचे. रोज जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज झाली की साडेबाराला टेबलावरच्या फोनवरून गावी बायकोशी बोलायचे. तिकडे तीन वाजलेले असायचे. इतक्या वर्षांच्या नोकरीचा मान म्हणून मॅनेजरनेच तशी परवानगी दिली होती. स्टोअरचं दार उघडंच असायचं, त्यामुळे गावातल्या कुणाच्या म्हशीला काय झालं हेही मला माहीत असायचं.

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. दफन इथेच झालं. बायकोला शेवटचं तोंडही बघता आलं नाही. त्यांची बॅग मी भरली, त्यांच्या मुलाशी, म्हणजे नावेदशी, कागदपत्रांचं मीच बोलले आणि त्यांचा फोन मीच काढून, वायर गुंडाळून, कपाटात ठेवला. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

दोनेक महिन्यांनी माझ्याकडे नवं काम आलं. नेटवर्क सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅफिकचं वर्गीकरण करायचं. म्हणजे ऑफिसच्या वायरींमधून जे काही वाहतं ते ओळखायचं – हा ईमेल, हा व्हिडिओ, हा फोन – आणि प्रत्येकासाठी एक नियम लिहायचा. कुणाला आधी जाऊ द्यायचं, कुणी थांबायचं. जे कशातच बसत नाही ते 'अननोन'मध्ये पडतं. आमच्याकडची पद्धत अशी, की अननोन आठवडाभर नुसतं बघायचं आणि तरीही ओळख पटली नाही तर बंद करायचं.

शेवटी अननोनमध्ये एकच गोष्ट उरली. रविवार ते गुरुवार, म्हणजे इथले कामाचे दिवस, साडेबारा ते बारा एक्केचाळीस. ग्राफवर बघितल्याबरोबर कळत होतं की हे बोलणं आहे. एक बाजू बराच वेळ चालू, दुसरी मधूनच थोडीशी, मग पुन्हा पहिली. काय बोललं जातं ते सॉफ्टवेअरला कळत नाही, फक्त किती बोललं जातं तेवढं दिसतं. पण बाहेरचे फोन ज्या यंत्रातून जातात, त्याच्या नोंदीत यातलं काहीच नव्हतं. आणि नेटवर्कवरचा पत्ता दिसत होता इस्माईलभाईंच्या फोनचा.

मी कपाट उघडलं. फोन तिथेच, वायर तशीच गुंडाळलेली. तो पत्ता दुसऱ्या कुठल्या मशीनने घेतला असेल म्हणून दोन दिवस शोधलं. भिंतीतलं सॉकेट तपासलं, बंद. मला भीतीबिती काही वाटली नाही, चीड आली! सॉफ्टवेअर नवं आहे, काहीतरी चुकीचं दाखवतंय, असं म्हणून रविवारी सकाळी मी नियम लिहिला – ब्लॉक – आणि मोकळी झाले.

बुधवारी नावेदचा फोन आला.

"मॅडम, एक विचारू? हसू नका. अब्बांच्या ऑफिसात रविवारी काही बदललं का हो?"

"का रे?"

"अम्मी रोज तीन वाजता मोबाइल कानाला लावून बसते. अब्बांशी बोलते. फोन आल्याचं मोबाइलमध्ये कुठेच दिसत नाही. आम्ही समजलो, धक्का बसलाय, बोलू दे. पण रविवारपासून म्हणते, फोन येत नाही. जेवण सोडलंय. नुसती मोबाइल हातात घेऊन दारात बसून राहते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल."

त्याला मी काय सांगणार होते? "बघते," एवढंच म्हणाले. ब्लॉक काढला आणि सगळ्यात वर नवा नियम घातला – जाऊ द्या. नियमाचं कारण लिहिल्याशिवाय ते सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही. मी लिहिलं, 'इस्माईलभाई, घरचा फोन'.

गुरुवारी साडेबाराला स्क्रीनसमोर बसले. रेघ वर आली. एक बाजू बोलत होती... आणि यावेळी दुसरीही बरंच बोलत होती. मी रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

संध्याकाळी नावेद म्हणाला, "अम्मी जेवली. तुमच्यासाठी निरोप आहे, पण मला काही समजला नाही. अब्बा तिला म्हणाले म्हणे, त्या सांगलीच्या पोरीवर रागावू नकोस. ती जेवताना भिंतीकडे तोंड करून बसते."

पँट्रीत मी भिंतीकडे तोंड करून जेवते. रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून. आणि ही सवय मला इस्माईलभाई गेल्यानंतर लागली. नवऱ्यालाही मी कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतर साडेचार महिने मी डबा टेबलावरच उघडत असे, ग्राफ समोर ठेवून. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, पण शेजारच्या घरातून आवाज येत असले की कसं बरं वाटतं, तसं वाटायचं. सगळं सोडून घरी परत जाऊ, असं कितीदा मनात आलं असेल. पण ती अकरा मिनिटं दिवस ढकलायला पुरायची.

मग एका मंगळवारी रेघ बारा एक्केचाळीसला थांबली नाही. एक वाजला, दोन वाजले. दोन्ही बाजू चालूच. मी मीटिंगला गेले नाही. चार वाजून दहा मिनिटांनी दोन्ही एकदमच खाली आल्या.

नावेदचा फोन दुसऱ्या दिवशी आला. अम्मी मंगळवारी संध्याकाळी गेली. दुपारपासून फोनवर बोलत होती, म्हणून कुणी हटकलं नाही. चहा द्यायला सून गेली तेव्हा मोबाइल उशीवर होता आणि चेहरा, तो म्हणाला, लग्नातल्या फोटोसारखा.

त्यानंतर काही नाही. ज्या नियमातून महिनाभर काहीच गेलं नाही त्याच्यापुढे सॉफ्टवेअर पिवळी खूण करतं. तो नियम काढून टाक म्हणून मॅनेजर दोनदा म्हणाला, "यल्ला, क्लीन इट, खलास." मी हो म्हणते आणि दुसरंच काम काढते.

इथे बरेच जाणकार आहेत. हे काय होतं ते कुणी सांगू शकलं तर सांगा, माझ्याकडे अजून उत्तर नाही. गुंडाळलेल्या वायरीचा फोन बोलत होता तोवर मला एक दिवससुद्धा भीती वाटली नाही. आता साडेबाराला ती सपाट रेघ बघते, तेव्हा वाटते.