वाचनालयाचा स्पॅनिश विभाग

ज्ञानाला सीमा नसतात. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाच्या दारावर हे वाक्य सोनेरी अक्षरांत रंगवलं आहे. त्याच्याखाली चपला बाहेर काढण्याची सूचना आहे. लोक तीच वाचतात.

मध्यंतरी ज्ञान स्पेनपर्यंत गेलं. वाचनालयाचे अध्यक्ष जावयाकडे तिकडे महिनाभर राहून आले आणि परतल्यावर त्यांना आमचं अज्ञान बघवेना. आतल्या खोलीत कम्प्युटर आला, एसी आला, भिंतीवर पडदा आला. स्पॅनिश वर्तमानपत्रांची आणि ऑनलाइन स्पॅनिश सिनेमांची वर्गणी भरली गेली. जावई रशियात असता तर आम्ही रशियन झालो असतो. गावात स्पॅनिश कोणाला येतं, असं मी समितीच्या बैठकीत विचारलं. "विभाग झाला की येईल," असं उत्तर मिळालं, आणि लगेच चहा आला.

काटकसर म्हणून जिल्ह्याचा मराठी पेपर बंद करण्यात आला. मोहाची फुलं वेचण्याचे दिवस होते. जंगलाला लागून असलेल्या गावातली एक बाई संध्याकाळी बाजार आटोपून वाचनालयाच्या पायरीवर टेकायची आणि ग्रंथपाल तिला वाघाची बातमी वाचून दाखवायचे: कुठे दिसला, कुठल्या बोडीवर पाणी प्यायला आला. सकाळी कोणत्या बाजूला मोह वेचायला जायचं, ते तिच्या गावातल्या बायका त्यावरून ठरवायच्या. मोबाइलवर वाघ रोज यायचा. पण तो कधी मध्य प्रदेशातला असे, कधी तीन वर्षांपूर्वीचा.

"भाऊ, वाघ कुठी हाये आज?" तिनं विचारलं.

"पेपर बंद झाला बाई."

"काऊन?"

ग्रंथपालांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "आता कम्प्युटरमंधी लय पेपर येते. परदेशातले."

"त्यात आपला वाघ हाये का?"

"नाई."

"मंग तुमी काय वाचून राह्यले?"

ग्रंथपाल माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे पाहिलं. बाई उठली आणि पिशवी डोक्यावर घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी त्या बायका मोहाला गेल्या. वाघ कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

विभागाचं उद्घाटन थाटात झालं. भाषणांत 'विश्व' हा शब्द इतका आला की ते तालुक्यातच असावं असं वाटू लागलं. मग सिनेमा लागला. एक स्पॅनिश कुटुंब टेबलाभोवती बसून जोरजोरात बोलत होतं.

"भांडून राह्यले का जी हे?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाई, जेवून राह्यले."

एवढ्यात लाइट गेली. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष अंधारातच "अप्रतिम" म्हणाले.

समारंभाला जिल्ह्याच्या पेपरचा वार्ताहर आला होता. बातमी छापून येणार होती, पण कधी, ते तोही सांगेना. अध्यक्ष रोज सकाळी वाचनालयात येऊन पेपर मागायचे आणि ग्रंथपाल त्यांना तो बंद केल्याची आठवण करून द्यायचे. अखेर बातमी चुकायला नको म्हणून अध्यक्षांनी स्वतःच फोन करून पेपर पुन्हा सुरू करायला लावला. ज्ञानाची एवढी तहान त्यांना याआधी लागलेली मी पाहिली नव्हती.

बातमी आली, आणि त्याच पानावर वाघही आला. बायका रोज ज्या बोडीच्या वाटेनं मोहाला जात, तिथेच तो दिसला होता. संध्याकाळी ती बाई दारावरून जात होती, तेव्हा ग्रंथपालांनी हाक मारून तिला थांबवलं आणि पायरीवर बसवून सगळं वाचून दाखवलं.

"बरं झालं सांगतलं भाऊ. उद्या तिकडे नाई जात आमी."

पेपर बंद करायचं पुढे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. ते पान मात्र फ्रेम करून स्पॅनिश विभागाच्या दारावर लावलं आहे. वाघाची बातमी इतकी चिकटून छापली होती, की आपली तेवढी कापून घेतली असती तर वाचनालयाचं नाव अर्धं गेलं असतं, म्हणून अख्खं पान लावावं लागलं. त्यात अध्यक्षांच्या फोटोपेक्षा वाघाचा फोटो मोठा आहे.